विज्ञानसभेचे उघडे दार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आम्हांस पाचारण केल्याबद्दल प्रथम कार्यकारिणीचे मनःपूर्वक आभार मानतो. विषय मात्र आमच्याच आग्रहावरून ठरला आहे, आणि तो ऐकताच चिटणीसांच्या कपाळावर क्षणभर आठी उमटली होती, हे आम्ही लपवून ठेवत नाही. नाट्यसंगीत, शिवचरित्र, संतवाङ्मय असे रसाळ विषय सोडून अणू, स्फटिक आणि प्रकाश यांचे पुराण उत्सवाच्या दिवसांत कोण ऐकणार, ही त्यांची शंका रास्तच होती. परंतु घरापासून शेकडो कोस दूर येऊन ज्या नगरीत आपण संसार मांडले, तिने जगाच्या ज्ञानात घातलेली एक मोठी भर आपण कधी मुद्दाम पाहिलेली नाही. पुण्यामुंबईहून पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना कालीघाट दाखवितो, दक्षिणेश्वर आणि बेलूर दाखवितो, व्हिक्टोरिया स्मारकापुढे छायाचित्र काढतो. बहूबाजारात मात्र आपण त्यांना नेत नाही. आज आम्ही आपणां सर्वांस तेथेच घेऊन जाणार आहोत.

या नगरीचे नाव २००१ सालापासून कोलकाता झाले आहे. तथापि जुन्या हकिकती सांगताना आमच्या तोंडी कलकत्ता हेच नाव येईल, त्याची क्षमा असावी. बहूबाजार रस्त्यालाही आता बिपिन बिहारी गांगुली मार्ग म्हणतात. तेथे २१० क्रमांकाच्या जागेवर आज गोएंका वाणिज्य महाविद्यालय उभे आहे. वाणिज्याचे विद्यार्थी जेथे जमाखर्च शिकतात, तेथेच पूर्वी ‘भारतवर्षीय विज्ञान सभा’ होती. इंग्रजीतील तिचे नाव ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. यांतील ‘सभा’ या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे. सरकारने स्थापिलेले ते महाविद्यालय नव्हते, वा एखाद्या संस्थानिकाने हौसेने उभारलेले संग्रहालयही नव्हते. नागरिकांनी वर्गणी आणि देणग्या गोळा करून, चिटणीस नेमून, दिवाणखान्यात व्याख्याने भरवून चालविलेली ती सभा होती. आपल्या ओळखीचा शब्द वापरायचा तर ते एक मंडळच होते.

या सभेचे जनक डॉ. महेन्द्रलाल सरकार. ते १८३३ साली जन्मले, कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयाचे एम.डी. झाले, आणि पुढे होमिओपॅथीकडे वळून समव्यवसायी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. रामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या आजारात त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर सरकार ते हेच. आपल्या लोकांनी विज्ञान केवळ पुस्तकांतून पाठ करू नये, स्वतःच्या हातांनी प्रयोग करून नवे ज्ञान निर्माण करावे, असा विचार त्यांनी १८६९ साली आपल्या वैद्यकीय मासिकातून मांडला. त्यानंतर सात वर्षे ते दारोदार हिंडले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर लाफों यांच्यासारखा उत्साही साथीदार त्यांना मिळाला, आणि १८७६ साली सभा स्थापन झाली. पुढे विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या देणगीतून प्रयोगशाळेची इमारतही उभी राहिली. उपकरणे आली, व्याख्याने झाली, श्रोते आले आणि गेले. परंतु ज्यासाठी हा सारा खटाटोप होता ते संशोधन काही होईना. पूर्णवेळ प्राध्यापक नेमण्याइतका निधी कधी जमला नाही, आणि आयुष्य प्रयोगांना वाहून घेणारे तरुणही फिरकले नाहीत. अखेरच्या वर्षांत महेन्द्रलालांनी आपली निराशा उघडपणे बोलून दाखविली. १९०४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा सुमारे तीस वर्षांच्या श्रमांचे फळ म्हणून डोळ्यांपुढे एक इमारत, काही उपकरणे आणि बव्हंशी रिकामा दिवाणखाना एवढेच होते.

त्यांच्या पश्चात सभेला कुलूप घालावे असे कोणास वाटले असते तर त्यात नवल नव्हते. पण तसे झाले नाही. चिटणीसपदाची धुरा अमृतलाल सरकार यांनी उचलली आणि सभेचे दार उघडे राहिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०७ साली, अर्थखात्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून मद्रासहून आलेला एक अठरा वर्षांचा तरुण ट्रामने बहूबाजारातून जात असता त्याची नजर सभेच्या पाटीवर पडली. ट्राममधून उतरून त्याने दार ठोठावले. आशुतोष डे नावाच्या गृहस्थांनी ते उघडले. तरुणाने विचारले ते इतकेच, की कचेरीच्या वेळेबाहेर मला येथे प्रयोग करता येतील काय? अमृतलालांना जो आनंद झाला असेल त्याची कल्पना आपण करू शकतो. त्या तरुणाचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. दार उघडणारे आशुबाबू पुढे दीर्घकाळ त्यांचे प्रयोगसाहाय्यक होते.

सकाळी कचेरीपूर्वी प्रयोग, दिवसभर सरकारी हिशेब, सायंकाळी पुन्हा प्रयोग, असा दहा वर्षे रामन यांचा क्रम होता. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला आणि तेथून आपल्या नागपूरला झाली, पण १९११ साली ते कलकत्त्यास परतले. आरंभीचे त्यांचे काम नादशास्त्रातले होते, आणि त्यांतील एक प्रकरण तर आपल्या प्रत्येक गाण्याच्या बैठकीत हजर असते. साधा ढोल वाजविला असता मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा आवाज गोंगाटासारखा वाटतो. मग तबला सुरात कसा लागतो? रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की चामड्याच्या मध्यावर थरावर थर देऊन बसविलेल्या शाईमुळे हे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेमक्या प्रमाणात येऊन बसतात. आपल्या अनाम कारागिरांनी कानाने साधलेली गोष्ट त्यांनी मोजून दाखविली. एखादी वस्तू ज्या विशिष्ट स्वरांत कंप पावते त्यांवरून तिची घडण ओळखता येते, ही दृष्टी त्यांस येथेच लाभली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९१७ साली सरकारी नोकरी सोडून, कमी पगार पत्करून, रामन कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. प्रयोग मात्र बहूबाजारातच चालू राहिले. १९२१ साली विलायतेहून परतताना ‘नारकुंडा’ आगबोटीवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते विचारात पडले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे तेव्हा थोर शास्त्रज्ञ मानीत. रामन यांनी खिशातील निकोल लोलकातून पाहून पृष्ठभागावरचे प्रतिबिंब मालवले, तरी निळाई कायमच राहिली. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात. यालाच शास्त्रात प्रकीर्णन म्हणतात. या विषयावरील ‘नेचर’ला धाडलेल्या पत्रावर स्थळ आहे ‘मुंबई बंदर’ आणि तारीख २६ सप्टेंबर. बोट आपल्या मुंबईच्या धक्क्याला लागत होती आणि इकडे पत्र लिहून तयार होते!

मग सात वर्षे कलकत्त्यात पाणी, बर्फ, ग्लिसरीन, बेन्झीन असे पदार्थ एकामागून एक तपासले गेले. रामनाथन, कृष्णन अशी विद्यार्थिमंडळी त्यात होती. दिवसा नोकरी करून फावल्या वेळी प्रयोग करणारे वेंकटेश्वरनही होते. विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज आणखी एखादा मंद रंग मिसळलेला असतो, असा संशय वारंवार येई. पण द्रवातील अशुद्धीचा तो परिणाम असावा अशी शंकाही राही. म्हणून द्रव पुनःपुन्हा शुद्ध करीत. अखेर फेब्रुवारी १९२८ मध्ये निर्णायक प्रयोग झाला. दिवा म्हणून सूर्यच होता. त्याचा प्रकाश दुर्बिणीच्या सात इंची भिंगाने एकवटून, जांभळ्या काचेतून गाळून, द्रवात सोडला. विखुरलेल्या प्रकाशापुढे अशी हिरवट काच धरली की जी जांभळा रंग मुळीच आरपार जाऊ देत नाही. रंग पालटत नसता तर पलीकडे पूर्ण काळोख दिसावयास हवा होता. पण तेथे अंधूक उजेड होता. सुमारे साठ द्रवांत हाच अनुभव आला. २८ फेब्रुवारीस वर्णपटदर्शकातून पाहता नवा रंग मूळ रंगापासून अलग उभा असलेला स्पष्ट दिसला.

याचा अर्थ काय? प्रकाश हा ऊर्जेच्या कणांचा वर्षाव आहे असे मानू. यांतील बहुतेक कण रेणूवर आपटून होते तसेच उसळतात. पण विखुरलेल्या दहा लाख ते एक कोटी कणांमागे एखादा कण रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो, किंवा त्याच्याकडून थोडी घेऊन जातो. ऊर्जा बदलली की रंग बदलला. आणि ही देवघेव मन मानेल तेवढी होत नाही. रेणू ज्या ठरावीक स्वरांत कंप पावू शकतो तेवढ्याच मापाची होते. तेव्हा रंग किती पालटला हे मोजले की रेणूचे स्वर कळले, आणि स्वर कळले की त्याची घडण कळली. तबल्याच्या नादावरून शाईचे रहस्य शोधणाऱ्या माणसाने डोळ्यांस न दिसणाऱ्या रेणूचा नाद प्रकाशाच्या साहाय्याने ऐकला. १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. १९६० साली लेसर किरण हाती आल्यावर तर या शोधाला नवे तारुण्य लाभले. आज औषधातील भेसळ याच रीतीने ओळखतात; ग्राफीन या एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्याचे थर मोजतात ते याच रीतीने; आणि २०२१ साली मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या गाडीवर खडकांची परीक्षा करण्यासाठी रामन परिणामावर चालणारी उपकरणे बसविलेली आहेत.

आता बहूबाजार सोडून अपर सर्क्युलर रस्त्यावरील विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयाकडे वळू. याची पायाभरणी १९१४ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी केली. सर तारकनाथ पालित आणि सर रासबिहारी घोष या दोघांच्या विपुल देणग्यांवर ते उभे राहिले, आणि हे दोघेही दाते व्यवसायाने वकील होते, शास्त्रज्ञ नव्हते! पूर्व बंगालातील एका खेड्यातल्या किराणा दुकानदाराचे चिरंजीव मेघनाद साहा आणि कलकत्त्यातच जन्मलेले सत्येंद्रनाथ बोस हे दोन समवयस्क मित्र तेथे तरुणपणीच शिकवू लागले. जर्मन शिकून त्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले, ते विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्धही केले. त्याच वर्षी साहांनी आपले विख्यात समीकरण मांडले. तापलेल्या वायूत अणू आपले इलेक्ट्रॉन गमावतात. किती अणू ते गमावतील हे तापमान आणि दाब यांवरून गणिताने सांगता येते. तापमान वाढले की अधिक, आणि दाब घटला तरीही अधिक. सूर्याच्या वरच्या विरळ थरांत इलेक्ट्रॉन गमावलेले कॅल्शियम का दिसते, एका ताऱ्याच्या वर्णपटात एक मूलद्रव्य ठळक आणि दुसऱ्यात तेच पुसट का, या कोड्यांची किल्ली त्यामुळे सापडली. पुढे १९२५ साली सेसिलिया पेन या विदुषीने याच समीकरणाच्या आधारे तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे बनलेले आहेत असा निष्कर्ष काढला. सर्क्युलर रस्त्यावरच्या एका खोलीतून ताऱ्यांचे तापमान मोजता येऊ लागले.

बोस १९२१ साली ढाका विद्यापीठात गेले, आणि १९२४ साली तेथूनच त्यांनी आपला छोटा निबंध आइन्स्टाइनकडे पाठविला. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापविला. त्यांतील युक्ती आपल्या स्वयंपाकघरातच समजून घेऊ. दोन मुले आहेत आणि दोन खोल्या आहेत. मुले खोल्यांत किती प्रकारे बसतील? दोघेही पहिल्या खोलीत, दोघेही दुसऱ्या, बंडू पहिल्या व बेबी दुसऱ्या, किंवा बेबी पहिल्या व बंडू दुसऱ्या. एकूण चार. आता दोन ताटल्या घ्या आणि एकाच साच्यातून काढलेले, तंतोतंत सारखे असे दोन मोदक घ्या. दोन्ही पहिल्या ताटलीत, दोन्ही दुसऱ्या ताटलीत, किंवा प्रत्येकीत एकेक. एवढे तीनच प्रकार, कारण कोणता मोदक कोणत्या ताटलीत हा प्रश्नच संभवत नाही. मुलांच्या बाबतीत चार प्रकारांपैकी दोनांत दोघे एकत्र होते. मोदकांच्या बाबतीत तीनांपैकी दोनांत. म्हणजे ओळखू न येण्याइतक्या सारख्या वस्तू एकत्र येण्याचा संभव वाढतो. प्रकाशाचे कण मुलांसारखे नव्हेत, मोदकांसारखे मोजले पाहिजेत, असे बोसांनी दाखविले, आणि त्या मोजणीतून प्रकाशाचा माहीत असलेला नियम आपोआप निघाला.

आइन्स्टाइननी हीच मोजणी अणूंना लावली, आणि भाकीत केले की एका जातीचे अणू अतिशय थंड केले तर ते सारे एकाच अवस्थेत गोळा होतील. हे भाकीत प्रत्यक्षात उतरण्यास सत्तर वर्षे लागली. १९९५ साली अमेरिकेत बोल्डर येथे कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एक कोट्यंशापर्यंत अगदी जवळ नेले, तेव्हा ते एकजीव झाले. त्याच वर्षी केटर्ली यांनी सोडियमच्या बाबतीत तेच साधले. तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सत्येंद्रबाबू १९७४ सालीच निवर्तले होते. ते पारितोषिक त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. परंतु विश्वातील कणांच्या दोन मोठ्या कुळांपैकी एका कुळाला त्यांच्यावरून ‘बोसॉन’ हे नाव मिळाले आहे.

घन पदार्थांची कथाही येथलीच आहे. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवून विद्युत्-लहरी टिपणारे साधन बनविले. १९०१ साली केलेल्या अर्जावरून १९०४ साली त्यांस अमेरिकेचे पेटंट मिळाले. आज ज्यांस आपण अर्धसंवाहक म्हणतो आणि ज्यांच्याविना आपल्या खिशातील दूरध्वनी मुका होईल, त्या वर्गाच्या पदार्थाचा असा उपयोग करणारे ते आद्य संशोधक होत. पुढे १९३३ साली रामन बंगलोरला गेल्यावर कृष्णन सभेचे महेन्द्रलाल सरकार प्राध्यापक झाले. त्यांनी स्फटिकांचे चुंबकत्व हाती घेतले. जुन्या काळी आपल्या आया शालूपैठण्यांत ज्या डांबरगोळ्या ठेवीत, त्या नॅफ्थॅलीनच्या. याचा रेणू म्हणजे कार्बनची एकमेकींस जोडलेली दोन चपटी कडी. असा स्फटिक काचमण्याच्या अतितलम तंतूने चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगला तर तो एका विशिष्ट दिशेस वळतो, कारण कड्याच्या पृष्ठाशी काटकोनात चुंबकीय परिणाम अधिक असतो. तंतूला पडलेला पीळ मोजून आतील कडी किती कललेली आहेत हे सांगता येते. त्याच सुमारास केदारेश्वर बॅनर्जी क्ष-किरणांच्या साहाय्याने नॅफ्थॅलीन आणि अँथ्रासीन यांची रचना उलगडत होते. १९३३ साली त्यांनी मांडलेली गणिती रीत स्फटिकशास्त्रात आद्य मानली जाते.

येथे एका विदुषीचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे उचित होणार नाही. सत्येंद्रनाथ बोस १९४५ साली कलकत्त्यास परतल्यावर पूर्णिमा सिन्हा त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. त्यांस क्ष-किरणांनी भारतातील चिकणमातीच्या निरनिराळ्या जातींची अंतर्रचना तपासावयाची होती. उपकरण मात्र नव्हते. महायुद्ध संपल्यावर लष्कराचे टाकाऊ सामान कलकत्त्याच्या पदपथांवर विकावयास येई. त्यांतून निवडून आणलेल्या वस्तूंतून त्यांनी आपले यंत्र जुळविले आणि १९५०च्या दशकात डॉक्टरेट मिळविली. भौतिकशास्त्रात हा मान मिळविणाऱ्या या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. संगीतातही त्यांस चांगली गती होती. आपल्या मुलींना ही कथा अवश्य सांगावी.

श्रोतेहो, यात आपले मराठी माणूस कोठे आहे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे त्याचे उत्तर आहे. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, रासबिहारी घोषांच्या देणगीतील वनस्पतिशास्त्राचे अध्यासन त्यांस मिळाले, तर पदार्थविज्ञानाचे देवेंद्रमोहन बोस यांस. दोघेही १९१४ साली उच्च अभ्यासासाठी जर्मनीस गेले आणि महायुद्ध पेटल्यामुळे तेथे अडकून पडले. परतल्यावर देवेंद्रमोहनांनी लोहवर्गातील धातूंच्या क्षारांचे चुंबकत्व प्रामुख्याने इलेक्ट्रॉनच्या स्वतःभोवतीच्या परिवलनातून येते हे दाखविण्यात मोठा वाटा उचलला. आघारकरांनी कलकत्त्यास पिढ्या घडविल्या, आणि निवृत्त झाल्यावर १९४६ साली पुण्यात एक संस्था काढली. तिचे मराठी नाव ‘महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी’. आणि इंग्रजी नाव ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. महेन्द्रलालांच्या सभेच्या नावातील ‘इंडियन’ हा शब्द काढून त्या जागी ‘महाराष्ट्र’ घातला की हे नाव होते! तिची संशोधनसंस्था १९९२ पासून आघारकरांच्या नावाने ओळखली जाते. बहूबाजारातील रोपाची फांदी एका कोकणी माणसाने पुण्याच्या मातीत लावली.

मातृभाषेची गोष्टही अशीच दोन्ही प्रांतांत समांतर चालली. रामन यांचा शोध लागला त्याच १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. सत्येंद्रबाबूंनी बंगालीतून विज्ञान पोहोचविण्यासाठी १९४८ साली ‘बंगीय विज्ञान परिषद’ स्थापिली, आणि मुंबईत १९६६ साली मराठी विज्ञान परिषद निघाली. ज्या माणसाच्या नावाने निम्मे कण ओळखले जातात त्यास आपल्या भाषेत शास्त्र सांगणे कमीपणाचे वाटले नाही, हे आपण ध्यानी ठेवावे.

विज्ञानसभा पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी जादवपूरला गेली. ती तेथे आजही कार्यरत आहे. साहांनी स्थापिलेली संस्था आणि १९८६ साली निघालेले सत्येंद्रनाथ बोस केंद्र सॉल्ट लेकमध्ये आहेत. हे सारे आपल्या घरांपासून बसच्या एका फेरीच्या अंतरावर आहे.

आता समारोप करतो. सुवर्णमहोत्सवाच्या आनंदातही आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक काळजी आहे, ती आम्ही जाणतो. मुले शिकून बंगलोर-पुण्यास, परदेशी जातात. वाचनालयात पूर्वी रांग लागे, आता कपाटे आठवडा आठवडा उघडत नाहीत. मासिक सभेस वीस माणसे आली तर चिटणीस समाधान मानतात. हे सर्व कोणासाठी चालवावयाचे, असा प्रश्न गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला, आणि त्यास कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही त्या दिवशी गप्प बसलो होतो. आज जे बोललो तेच आमचे उत्तर समजावे. महेन्द्रलालांना रामन पाहावयास मिळाले नाहीत. आपण हरलो अशाच समजुतीने ते गेले. परंतु त्यांच्यामागे कोणीतरी वर्गणी गोळा करीत राहिले, उपकरणांवरची धूळ पुसत राहिले, पाटी रंगवीत राहिले. म्हणून ट्राममधून जाणाऱ्या त्या तरुणास ती वाचता आली. त्याने दार ठोठावले तेव्हा आत आशुबाबू होते. मंडळाच्या दारावर पुढे कोण येईल, त्यास कशाची ओढ असेल, हे आपणांस आज कळणे शक्य नाही. तो मराठी असेल की बंगाली, हेदेखील सांगता येत नाही.

म्हणून आमची मंडळास दोनच विनवण्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीस मंडळाच्या मुलांना बहूबाजारात नेऊन ती जागा दाखवावी, आणि त्या सायंकाळी या दिवाणखान्यात विज्ञानावर एक मराठी व्याख्यान ठेवावे. श्रोते पाच आले तरी ठेवावे. दुसरी विनवणी याहून सोपी आहे. वाचनालयाची किल्ली सायंकाळी सहा ते आठ कोणातरी सभासदाने घेऊन बसावे. पहिल्या वर्षाचे शनिवार आम्ही आमच्याकडे घेतो.